अमेरिकेच्या संस्थापकांमधलं राजकीय वैर

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ज्या लोकांनी मिळून देशाची घडी बसवली तेच लोक पुढच्या दहाबारा वर्षांत एकमेकांचे कट्टर विरोधक झाले, त्या सगळ्या भांडणांबद्दल ही नोंद आहे. काळ साधारण १७८९ ते १८०४. मुख्य जोडी अलेक्झांडर हॅमिल्टन आणि थॉमस जेफरसन, आणि त्यांच्या आजूबाजूला जेम्स मॅडिसन, जॉन ॲडम्स, ॲरन बर. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन या सगळ्यांच्या मधे.

यात मॅडिसनची गोष्ट मला जास्त लागते, कारण १७८७-८८ मधे राज्यघटना लोकांच्या गळी उतरवायला हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी मिळून वर्तमानपत्रांत ८५ लेख लिहिले होते, तेही एकाच टोपणनावाने, आणि दोनच वर्षांत मॅडिसन संसदेत हॅमिल्टनच्या योजनेविरुद्ध उभा राहिला. कारण होतं कर्ज. स्वातंत्र्ययुद्धात सरकारकडे रोख पैसा नव्हता म्हणून सैनिकांना पगाराऐवजी कागद दिले होते, नंतर देऊ असं लिहिलेले, आणि घरी चूल पेटवायची पंचाईत झाल्यावर कित्येकांनी ते कागद सावकार-दलालांना कवडीमोलाने विकून टाकले. आता १७९० मधे अर्थमंत्री हॅमिल्टन म्हणाला की कागद आज ज्याच्या हातात आहे त्याला पूर्ण पैसे द्यायचे, नाहीतर सरकारच्या शब्दावर पुढे कोण विश्वास ठेवणार. मॅडिसन म्हणाला की ज्या सैनिकाने रक्त सांडलं त्याचा काही वाटा तरी त्याला मिळू दे. मतदान झालं, मॅडिसनच्या बाजूने १३, विरोधात ३६. हॅमिल्टनचा हिशेब बरोबर होता असं अर्थशास्त्रवाले सांगतात आणि ते खरंही असेल, पण त्या सैनिकांचं काय हा मॅडिसनचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो.

दुसरा वाद राज्यांच्या कर्जाचा. सुमारे अडीच कोटी डॉलरचं हे कर्ज केंद्राने उचलावं असं हॅमिल्टनचं म्हणणं, आणि व्हर्जिनियासारखी राज्यं, ज्यांनी आपलं बरंचसं फेडून टाकलं होतं, ती म्हणाली दुसऱ्यांचं आम्ही का भरायचं. गाडी अडली. मग जून १७९० मधे परराष्ट्रमंत्री जेफरसनने न्यूयॉर्कमधल्या आपल्या भाड्याच्या घरी हॅमिल्टन आणि मॅडिसनला जेवायला बोलावलं आणि तिथे तोडगा निघाला: कर्ज केंद्राने घ्यायचं आणि त्या बदल्यात राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी न्यायची. आजचं वॉशिंग्टन शहर तिथे आहे त्यात या सौद्याचा मोठा हात आहे. जेवणाची हकीकत जेफरसननेच लिहून ठेवलीय त्यामुळे इतिहासकार ती थोडी जपूनच घेतात, पण दोनच वर्षांनी त्याने वॉशिंग्टनला लिहिलं की हॅमिल्टनने मला यात फसवलं आणि माझ्या राजकीय आयुष्यातल्या चुकांमधे याचाच मला सगळ्यात जास्त पस्तावा होतो.

त्यानंतर बँक. १७९१ मधे हॅमिल्टनला राष्ट्रीय बँक हवी होती, भांडवल १ कोटी डॉलर, मुदत २० वर्षं. जेफरसन म्हणाला घटनेत बँक काढायचा अधिकार कुठे लिहिलाय दाखवा, हॅमिल्टन म्हणाला दिलेली कामं करायला जे लागेल ते करायचा अधिकार त्यातच आला. वॉशिंग्टनने दोघांचं लेखी मत मागवलं, वाचलं आणि सही केली, म्हणजे हॅमिल्टनची सरशी. केंद्र सरकारचे हात किती लांब असावेत हा तिथला वाद आजही जवळजवळ त्याच शब्दांत चालतो.

इथून पुढे दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य उघड्यावर आलं आणि ते वर्तमानपत्रांतून. हॅमिल्टनच्या बाजूने जॉन फेनोचा पेपर होताच, तर जेफरसनने फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला वर्षाला २५० डॉलरवर परराष्ट्र खात्यात अनुवादक म्हणून ठेवला आणि त्याच फ्रेनोने ऑक्टोबर १७९१ मधे पेपर काढून सरकारवर, म्हणजे जेफरसन ज्यात मंत्री होता त्याच सरकारवर, झोड उठवली. हॅमिल्टनने टोपणनावांनी उत्तरं दिली. शेवटी ऑगस्ट १७९२ मधे वॉशिंग्टनने दोघांनाही पत्र लिहून जरा सबुरीने घ्या म्हणून विनवलं. दोघांची उत्तरं एकाच तारखेची आहेत, ९ सप्टेंबर, आणि दोघांचा सूर एकच: सुरुवात मी नाही केली, त्याने केली. १७९३ संपताना जेफरसनने राजीनामा दिला.

तोवर दोन गट पक्के झाले होते, हॅमिल्टनचे फेडरलिस्ट आणि जेफरसन-मॅडिसनचे रिपब्लिकन (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी यांचा संबंध नाही). घटनेत पक्षांचा विचारच नव्हता आणि नियम असा की राज्यांनी नेमलेले निर्वाचक प्रत्येकी दोन मतं देणार, सगळ्यात जास्त मतं मिळवेल तो राष्ट्राध्यक्ष आणि दुसरा येईल तो उपराष्ट्राध्यक्ष. त्यामुळे १७९६ मधे ॲडम्सला ७१ आणि जेफरसनला ६८ मतं पडली आणि हरलेला माणूस जिंकलेल्याच्या सरकारात बसला. १७९८ मधे फेडरलिस्टांनी सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा आणला, त्यात व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन आत गेला आणि लोकांनी त्याला तुरुंगात असतानाच परत निवडून दिलं.

१८०० ची निवडणूक म्हणजे या सगळ्याचा कळस. हॅमिल्टनने आपल्याच पक्षाच्या ॲडम्सविरुद्ध ५४ पानी पत्रक लिहिलं, ते बाहेर फुटलं आणि पक्षाच्या पायावर धोंडा पडला. ॲडम्सला ६५, पण जेफरसनला ७३ आणि त्याच्याच बरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या बरलाही ७३! बर मागे हटेना. प्रकरण संसदेच्या प्रतिनिधीगृहात गेलं, तिथे प्रत्येक राज्याला एक मत, १६ राज्यांपैकी ९ हवी होती आणि जेफरसन ८ वर अडकला. ३५ वेळा मतदान होऊनही तेच. हॅमिल्टन तेव्हा आपल्या लोकांना पत्रांवर पत्रं लिहून सांगत होता की जेफरसन चालेल पण बर नको, कारण जेफरसनला निदान काही तत्त्वं आहेत. १७ फेब्रुवारी १८०१ ला ३६ व्या फेरीत कोंडी फुटली. त्या पत्रांनी किती फरक पडला यावर वाद आहे, बरला मत देत आलेल्या डेलावेअरच्या फेडरलिस्ट जेम्स बेयर्डने माघार घेणं जास्त निर्णायक ठरलं. ४ मार्चला ॲडम्स शपथविधीला न थांबता पहाटेच निघून गेला, पण सत्ता शांतपणे बदलली, एकही गोळी न झाडता.

इथे एक गोष्ट सोडून चालणार नाही. गुलामांना मत नव्हतं, पण राज्यांच्या प्रतिनिधीगृहातल्या जागा मोजताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरली जात, त्यामुळे दक्षिणेची मतं वाढत. ती नसती तर १८०० मधे ॲडम्स जिंकला असता असं बऱ्याच अभ्यासकांचं गणित आहे. स्वातंत्र्यावर भांडणाऱ्या या माणसांपैकी जेफरसन आणि मॅडिसन स्वतः गुलामांचे मालक होते.

१८०४ मधे बर न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरला, त्यात हॅमिल्टन आपल्याबद्दल वाईटसाईट बोलला असं एका छापून आलेल्या पत्रात त्याने वाचलं. खुलासा मागितला, मिळाला नाही, आणि ११ जुलैला सकाळी हडसन नदीपलीकडे वीहॉकेनला दोघांचं पिस्तुलांचं द्वंद्व झालं. हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी गेला. त्याचा थोरला मुलगा फिलिप तीन वर्षांपूर्वी त्याच भागात असाच द्वंद्वात मारला गेला होता. बर तेव्हा पदावरचा उपराष्ट्राध्यक्ष होता. त्याच वर्षी बारावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन दोन्ही पदांसाठी वेगळी मतं सुरू झाली.

ॲडम्स आणि जेफरसन मात्र पुन्हा बोलू लागले. दोघांचा मित्र डॉक्टर बेंजामिन रश मधे पडला आणि १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सने लिहिलं की घरी विणलेल्या कापडाचे दोन तुकडे पाठवतोय. जेफरसनने ते खरंच कापड समजून उत्तरात व्हर्जिनियातल्या विणकामावर लिहिलं, आणि पार्सल आलं तर आत ॲडम्सच्या मुलाच्या व्याख्यानांचे दोन खंड. पुढे १४ वर्षं पत्रं चालली. दोघेही एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी. हॅमिल्टनशी असा समेट व्हायला वेळच मिळाला नाही, पण जेफरसनने माँटिसेलोच्या आपल्या घरात दर्शनी दालनात त्याचा अर्धपुतळा ठेवला होता, आणि त्याच्या बरोबर समोर स्वतःचा.