रिकाम्या रस्त्याचा फोटो : ‘डार्क हेजेस’ची पार्श्वभूमी

उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम परगण्यात, आर्मॉय गावाजवळच्या ब्रेगा रस्त्यावर, दोन्ही कडांच्या बीच जातीच्या जुन्या झाडांच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत गुंतल्या आहेत. ‘डार्क हेजेस’ या नावाने जगभर पोहोचलेली ही वाट मुळात एका कुटुंबाच्या दिमाखाचा भाग होती. 1775 च्या सुमारास जेम्स स्टुअर्ट यांनी ग्रेसहिल हाउस हा वाडा बांधला, त्याला पत्नी ग्रेस यांचे नाव दिले आणि घोडागाडीतून येणारे पाहुणे दारापर्यंत पोहोचण्याआधीच भारावून जावेत म्हणून वाटेच्या दुतर्फा सुमारे दीडशे झाडे लावली. आज ज्या गुंत्यासाठी लोक येतात, तो मात्र त्यांच्यापैकी कोणी पाहिला नसावा. फांद्यांना ते वळण यायला पिढ्या जाव्या लागल्या.

छायाचित्रकार येथे आधीपासून येत होते, पण ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या 2012 साली दाखवलेल्या दुसऱ्या पर्वात ही वाट ‘किंग्ज रोड’ म्हणून झळकली आणि मग बसगाड्या भरभरून लोक येऊ लागले. चाकांनी आणि पावलांनी मुळांवरची माती दबली, गुळगुळीत राखाडी सालीवर नावे कोरली गेली. 2016 च्या उन्हाळ्यात तर रस्त्यावर चुकून पांढरे पट्टे मारले गेले आणि ओरड झाल्यावर ते पुसावे लागले. अखेर ऑक्टोबर 2017 अखेरीस वाहनांना बंदी आली. तेव्हापासून पर्यटकांना गाडी लांब ठेवून चालत यावे लागते.

बीच वृक्षाचे आयुष्य साधारण दीडशे ते दोनशे वर्षांचे मानले जाते, म्हणजे ही रांग केव्हाच उतारवयाला लागली आहे. 2016 च्या जानेवारीत गर्ट्रूड वादळात पडलेल्या झाडांच्या लाकडातून मालिकेतील प्रसंग कोरलेले दहा दरवाजे तयार झाले, तर नोव्हेंबर 2023 मध्ये धोकादायक ठरलेली सहा झाडे तोडावी लागली.

प्रसिद्ध फोटोंत रस्ता नेहमी निर्मनुष्य दिसतो. त्यासाठी जूनमध्ये पहाटे पाचच्या आत पोहोचावे लागते, आणि तरीही तिवई लावून कोणीतरी आधीच उभे असते. लांब पल्ल्याच्या लेन्समधून पाहिले की मागचीपुढची खोडे एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि पडलेल्या झाडांच्या जागा त्यांच्याआड झाकल्या जातात. साध्या डोळ्यांनी चालत गेले, तर त्या एकेक करून मोजता येतात.