लोगन, माउंट

कॅनडातील सर्वांत उंच आणि उत्तर अमेरिका खंडात अलास्कातील डेनालीखालोखाल दुसऱ्या क्रमांकाचे पर्वतशिखर. उंची ५,९५९ मी. युकॉन प्रदेशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, अलास्काच्या सीमेजवळ, सेंट इलायस पर्वतरांगेत ६०° ३४' उ. अक्षांश व १४०° २४' प. रेखांश येथे ते उभे असून क्लुएनी राष्ट्रीय उद्यानात मोडते. जवळपास वस्ती नाही की रस्ता नाही. गिर्यारोहक सहसा बर्फावर उतरणाऱ्या छोट्या स्की-विमानाने पायथा गाठतात.

उंचीपेक्षाही लोगनचा पसारा थक्क करणारा आहे. ज्वालामुखी नसलेल्या पर्वतांत पायथ्याचा सर्वांत मोठा घेर याचाच मानला जातो. या एकाच पर्वतपिंडावर ५,००० मी.हून उंच अशी ११ शिखरे आहेत. माथ्यावर कित्येक किलोमीटर लांबीचे हिमाच्छादित पठार पसरले असून शिखरे त्यातून वर आली आहेत. दक्षिणेकडे मात्र हा पर्वत सीवर्ड हिमनदीकडे सरळ कोसळतो. १२० कि.मी.हून लांब अशी हबर्ड हिमनदीही याच परिसरात उगम पावून अलास्काच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळते. याकुटाट हा भूकवचाचा तुकडा उत्तर अमेरिकन भूपट्टावर आदळत असल्याने ही सारी रांग उचलली गेली, आणि ती क्रिया अजून थांबलेली नाही.

हवामानाच्या दृष्टीने लोगनचे स्थान विलक्षण आहे. समुद्राचे फाटे येथून शंभर कि.मी.च्या आत आहेत. अलास्काच्या आखातातून येणारी वादळे या रांगेवर अडतात आणि आपले बाष्प हिमरूपाने रिते करतात. ध्रुवीय प्रदेशांबाहेरील सर्वांत मोठ्या हिमक्षेत्रांपैकी एक येथे तयार झाले ते त्यामुळेच. रांगेपलीकडचा क्लुएनी सरोवराचा भाग पर्जन्यछायेत येतो. तेथे वर्षाला जेमतेम ३०० मि.मी.च्या आसपास पाऊस-हिम पडते.

पठारावरील सरासरी वार्षिक तापमान –२७° से.च्या आसपास आहे. मे १९९१ मध्ये तेथील स्वयंचलित केंद्राने –७७.५° से. तापमान नोंदवल्याचे वारंवार सांगितले जाते, पण उत्तर अमेरिकेचा मान्य नीचांक म्हणून ते धरले जात नाही. तो मान युकॉनमधीलच स्नॅग या ठिकाणाचा आहे (सु. –६३° से., ३ फेब्रुवारी १९४७). थंडीच्या जोडीला विरळ हवाही आहे. उंच अक्षांशांवर वातावरणाचा खालचा थर पातळ असतो, त्यामुळे जवळपास तेवढ्याच उंचीच्या पण विषुववृत्ताजवळील किलिमांजारोपेक्षा (५,८९५ मी.) लोगनच्या माथ्यावर हवेचा दाब कमी भरतो. म्हणजे शरीराला हा पर्वत नकाशावरील आकड्याहून उंच वाटतो.

एवढ्या थंडीत पठारावरचे हिम फारसे वितळत नाही. थरावर थर साचत जातात आणि त्यांत धूळ, ज्वालामुखींची राख व आम्ल, जुन्या हवेचे बुडबुडे अडकून राहतात. म्हणूनच हवामानाचा इतिहास शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना लोगन मोलाचा वाटतो. १९८० मध्ये येथून सु. १०३ मी. लांबीचा हिमगाभा (थरांत छिद्र पाडून काढलेला बर्फाचा दंडगोल) काढण्यात आला, तर २०२२ मध्ये छिद्रण ३२७ मी. खोलीपर्यंत पोचले.

किनाऱ्याच्या बाजूने सेंट इलायस (५,४८९ मी.) आड येत असल्याने लोगन उशिरा नजरेत आले. १८९० मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक इस्राएल रसेल यांनी त्याला कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संस्थापक विल्यम लोगन यांचे नाव दिले. २३ जून १९२५ रोजी ए. एच. मॅकार्थी यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने प्रथमच शिखर सर केले. पठाराने त्यांनाही चकवले : सर्वोच्च समजून ज्या शिखरावर ते चढले, तेथून खरे शिखर आणखी दूर दिसले. परतताना वादळाने गाठले, तेव्हा बर्फात खड्डे खणून त्यांनी रात्र काढली. वाट कळावी म्हणून जाताना विलोच्या काड्या रोवल्या होत्या, तरी दुसऱ्या दिवशी काही जण उलट दिशेने चालत गेले. हिमदंश झाला, पण सगळे जिवंत उतरले. आजही मोहिमा मुख्यतः मे-जूनमध्ये, किंग ट्रेंच या पश्चिमेकडील वाटेने होतात.

माजी पंतप्रधान प्येर त्रुदो यांच्या निधनानंतर २००० मध्ये शिखराला त्यांचे नाव देण्याचा बेत जाहीर झाला होता. विरोध होताच तो बारगळला.