होय म्हणा किंवा नाही म्हणा: ब्रिटनमध्ये मंत्र्यांच्या हाती कायदा कसा गेला

2 जुलै 2025 रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने 385 विरुद्ध 26 मतांनी एक आदेश मंजूर केला. 'पॅलेस्टाइन अॅक्शन' या पॅलेस्टाइनसमर्थक संघटनेवर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी घालणारा हा आदेश. पण त्यात आणखी दोन अतिउजव्या संघटनांची नावं होती: 'मॅनिअॅक्स मर्डर कल्ट' आणि 'रशियन इम्पीरियल मूव्हमेंट'. पहिल्या नावावरून देशभर वाद पेटला होता, उरलेल्या दोन नावांची बाजू घ्यायला सभागृहात कुणी नव्हतं. तिन्हींवर वेगळं मतदान मात्र घेता येत नव्हतं. असा आदेश समोर आला की खासदारांना त्यात अक्षराचाही बदल करता येत नाही. आहे तसा स्वीकारा, नाहीतर फेटाळा.

मूळ कायदा संसद करते. त्यातला तपशील, म्हणजे दर, तारखा, मर्यादा, कधी कधी तर शब्दाची व्याख्यासुद्धा, मंत्र्याने पुढे ठरवावी असं कलम त्याच कायद्यात घातलेलं असतं. आपल्याकडे कायद्याखाली नियम आणि अधिसूचना निघतात, तसाच हा प्रकार. याला दुय्यम कायदा म्हणतात. ब्रिटनमध्ये अशी हजारो पानं दरवर्षी निघतात आणि सामान्य माणसाची गाठ मूळ कायद्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त पडते.

यातून कायदा संसदेच्या हातून निसटतो, ही तक्रार जुनी आहे. 1539 साली आठव्या हेन्रीने राजाच्या घोषणांना कायद्याचं बळ देणारा कायदा करून घेतला. तो गेल्यावर 1547 मध्येच संसदेने तो रद्द केला. पण मंत्र्याला खुद्द संसदेचा कायदा बदलायचा अधिकार देणाऱ्या कलमांना आजही त्याचंच नाव आहे: 'हेन्री द एट्थ क्लॉज'.

विसाव्या शतकात या अधिकाराला खरं बळ आलं ते युद्धामुळे. ऑगस्ट 1914 मध्ये 'डिफेन्स ऑफ द रेल्म अॅक्ट' आला आणि सरकारला नियम काढायची जवळजवळ मोकळीक मिळाली. त्याच वळणावर 1915 मध्ये इथे 'डिफेन्स ऑफ इंडिया अॅक्ट' आला, आणि त्याखालच्या नियमांचा आधार घेऊन मद्रास सरकारने 1917 मध्ये अॅनी बेझंट यांना स्थानबद्ध केलं. वसाहतीत या पद्धतीवर सभागृहाचा नावापुरताही लगाम नव्हता.

युद्ध संपलं, सवय राहिली. 1929 मध्ये इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड हेवर्ट यांनीच ही नवी हुकूमशाही असल्याचा जाहीर आरोप केला. सरन्यायाधीशाने पदावर असताना सरकारवर असं तुटून पडावं, ही साधी गोष्ट नव्हती. सरकारने डोनोमोर समिती नेमली. तिचा 1932 चा अहवाल सौम्य होता: पद्धत आवश्यक आहे, देखरेख वाढवा. त्यातून पुढे 1946 चा 'स्टॅट्युटरी इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट' आला. आजची चौकट बहुतांशी त्याचीच. काही आदेशांना दोन्ही सभागृहांची स्पष्ट मंजुरी लागते. बहुसंख्य आदेश नुसते पटलावर ठेवले जातात आणि 40 दिवसांत कुणी हाणून पाडले नाहीत तर कायम होतात.

हाणून पाडले जातात का? कॉमन्सने असा आदेश शेवटचा रद्द केला ऑक्टोबर 1979 मध्ये. विषय होता पॅराफिनचा, म्हणजे आपल्या रॉकेलचा. त्याच्या किरकोळ विक्रीवरची दराची कमाल मर्यादा उठवणारा तो आदेश होता. त्यानंतर एकदाही नाही.

वरिष्ठ सभागृहाची, म्हणजे लॉर्ड्सची गोष्ट वेगळी. 1911 आणि 1949 च्या पार्लमेंट अॅक्टने त्यांचा नकाराधिकार छाटला, तो मूळ विधेयकांपुरता. दुय्यम कायद्यांबाबत तो शाबूत आहे. पण तो वापरला तर उरलासुरलाही जाईल, या धास्तीने ते तो म्यानातच ठेवतात. 2015 मध्ये त्यांनी टॅक्स क्रेडिटच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, कपातीचे नियम नुसते लांबणीवर टाकले, तर सरकारने लगेच त्यांचे अधिकार कमी कसे करता येतील हे पाहण्यासाठी लॉर्ड स्ट्रॅथक्लाइड यांच्याकडून अहवाल मागवला.

मग आले ब्रेक्झिट आणि कोविड. युरोपीय कायदे देशी चौकटीत बसवायला 2018 च्या कायद्याने मंत्र्यांना अफाट अधिकार दिले. कोविडमध्ये तर इंग्लंडमधल्या टाळेबंदीचे नियम 26 मार्च 2020 च्या दुपारी सही होऊन त्याच क्षणी लागू झाले. आधार होता 1984 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातल्या तातडीच्या कलमाचा. योग्य कारणाशिवाय घराबाहेर पडणं हा गुन्हा ठरला आणि संसदेने त्याला मान्यता दिली ती मागाहून. साथीत घाई समजू शकते. पण नोव्हेंबर 2021 मध्ये लॉर्ड्सच्या दोन समित्यांनी एकाच दिवशी अहवाल काढून बजावलं की सत्तेचं पारडं संसदेकडून मंत्र्यांकडे झुकत चाललं आहे. दोन्ही अहवालांचा सूर नेहमीपेक्षा कितीतरी कडक होता.

तरीही 2023 मध्ये जे झालं ते मला सगळ्यांत गंभीर वाटतं. मोर्चामुळे 'गंभीर व्यत्यय' येत असेल तर पोलीस अटी घालू शकतात, असं 1986 चा पब्लिक ऑर्डर अॅक्ट सांगतो. या शब्दांचा अर्थ नियमांनी ठरवण्याची मुभा 2022 मध्ये गृहमंत्र्यांना मिळाली. सरकारला गंभीर म्हणजे 'किरकोळपेक्षा जास्त' असा अर्थ हवा होता. 2023 च्या सुरुवातीला ही दुरुस्ती विधेयकातून आणून पाहिली, लॉर्ड्सनी ती फेटाळली. काही महिन्यांतच गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी तोच मजकूर नियमांच्या वाटेने आणला. फेटाळलेली गोष्ट अशा मार्गाने परत आणल्याचं आधीचं उदाहरण आपल्याला माहीत नाही, असं लॉर्ड्सच्या छाननी समितीने नोंदवलं. जूनमध्ये बॅरोनेस जेनी जोन्स यांनी नियम पाडायचा ठराव मांडला. तो हरला, आणि नियम 15 जूनला लागू झाले.

ते पाडले न्यायालयाने. 'लिबर्टी' या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर मे 2024 मध्ये हायकोर्टाने निकाल दिला: गंभीर या शब्दाचा अर्थ इतका खाली ओढायचा अधिकार कायद्याने मंत्र्याला दिलेलाच नाही. दरम्यान सरकार बदललं. लेबर सरकारने मात्र आधीच्या सरकारचं अपील पुढे चालवलं. मे 2025 मध्ये अपील न्यायालयानेही नियम बेकायदाच ठरवले. विरोधात असताना खटकणारा अधिकार खुर्चीवर बसल्यावर कुणालाच सोडवत नाही.

लंडन, स्लाऊ किंवा लेस्टरमधल्या मराठी घरांना हा विषय सर्वांत जवळून भेटतो तो व्हिसाच्या रूपाने. इमिग्रेशन रूल्स तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या जातीचे; 1971 च्या कायद्याखाली गृहमंत्री बदलांचं निवेदन संसदेपुढे ठेवतात. घडतं तेच. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण किमान अट एप्रिल 2024 मध्ये 26,200 पौंडांवरून 38,700 वर गेली. पुढचं निवेदन 1 जुलै 2025 ला पटलावर आलं, 22 जुलैला अट 41,700 झाली आणि परदेशातून नवे केअर वर्कर आणण्याचा मार्गही बंद झाला. तीन आठवडे. जोडीदाराच्या व्हिसासाठीची उत्पन्नाची अटही 2024 मध्ये अशीच 18,600 वरून 29,000 झाली होती. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीची साधारण मुदत 5 वर्षांवरून 10 वर्षं करायचा मानस सरकारने जाहीर केला. ही मुदतही इमिग्रेशन रूल्समध्येच लिहिलेली आहे. ती बदलायला नवीन कायदा लागत नाही.