उपशामक सेवा आणि वैद्यकीय इच्छापत्र

उपशामक सेवा म्हणजे बरा न होणारा किंवा जिवावर बेतलेला आजार असलेल्या माणसाच्या वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश, भीती आणि त्याच्या घरच्यांची ओढाताण या सगळ्यांकडे एकत्र पाहणारी वैद्यकशाखा. रुग्णालयात आणि बोलण्यात तिला 'पॅलिएटिव्ह केअर' असेच म्हणतात. मराठीत 'परिहार सेवा' हाही शब्द आहे. आजार हटवणे हे तिचे काम नव्हे, आजारासोबतचे दिवस सुसह्य करणे हे तिचे काम. वैद्यकीय इच्छापत्र किंवा लिव्हिंग विल हा याच विषयाचा कायदेशीर भाग. शुद्ध हरपल्यावर आपल्यावर कोणते उपचार होऊ नयेत, हे माणसाने शहाण्यासुरत्या अवस्थेत लिहून ठेवलेले असते.

शाखेचे नाव मराठी घरांत फारसे माहीत नाही, पण ती जिथून सुरू व्हायला हवी ते वाक्य सर्वांनी ऐकलेले असते: 'आता घरी न्या, सेवा करा.' नातेवाईक त्याचा अर्थ 'उपाय संपले' असा घेतात आणि बहुतेक वेळा डॉक्टरांनाही तेवढेच म्हणायचे असते. सेवा म्हणजे नेमके काय करायचे ते कोणी सांगत नाही. दुखणे वाढले तर कोणती गोळी आणि किती तासांनी, पाठीला जखम होऊ लागली तर काय, मध्यरात्री घशात घरघर सुरू झाली तर फोन कोणाला, या प्रश्नांची उत्तरे म्हणजेच उपशामक सेवा.

उगम

आधुनिक उपशामक सेवेची सुरुवात लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी केली. त्या आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या आणि मरणाऱ्या रुग्णांचे दुखणे डॉक्टर ऐकत नाहीत हे पाहून पुढे स्वतःच डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेचे घर, उघडले. त्यांनी मांडलेली 'समग्र वेदना' ही कल्पना या शाखेचा पाया आहे. शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, पैशाची आणि पोराबाळांची काळजी, 'माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न, हे सगळे मिळून रुग्णाची वेदना होते. नुसत्या इंजेक्शनने ती पुरती उतरत नाही. 'पॅलिएटिव्ह' हा शब्द कॅनडातील शल्यविशारद बाल्फोर माउंट यांनी १९७० च्या दशकात रूढ केला, कारण त्यांच्या फ्रेंचभाषक प्रांतात 'हॉस्पिस' म्हटले की लोकांना निराधारांचे आश्रयगृह आठवे. मूळ लॅटिन शब्द 'पॅलियम', अर्थ अंगावर घ्यायचे वस्त्र. आजार झाकायचा नाही, आजारी माणसावर शाल पांघरायची, असा तो अर्थ आपल्याकडेही चपखल बसतो.

भारतातले पहिले हॉस्पिस मुंबईतले. १९८६ मध्ये वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती अवेदना सदन सुरू केले. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सेवा देते, आणि तिथे नातेवाइकाला रुग्णासोबत राहून शुश्रूषा शिकता येते. या विषयातले एम. डी. शिक्षणही मुंबईतच, टाटा मेमोरिअल रुग्णालयात, २०१२ मध्ये सुरू झाले.

खरी चळवळ मात्र केरळची. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा बाह्यरुग्ण विभाग काढला. त्यातून वस्तीवस्तीत प्रशिक्षित स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, २००८ मध्ये राज्याने स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतीच्या पैशातून नर्स घरोघरी जाऊ लागली. महाराष्ट्रात इमारती आधी आल्या. केरळात नर्सचे घरी येणे आधी आले. दोन्ही राज्यांतला फरक एवढ्यातच आहे, आणि तो लहान नाही.

गरजेच्या मानाने हे सगळे तुटपुंजे आहे. जगभरात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते आणि ती मिळते जेमतेम १४ टक्क्यांना, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गरजूंमध्ये फक्त कर्करोगाचे रुग्ण नसतात. निकामी झालेले हृदय किंवा मूत्रपिंड, दम्याच्या पलीकडे गेलेले फुप्फुसांचे विकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांचे रुग्ण संख्येने जास्त भरतात.

अफूच्या देशात मॉर्फिनची वानवा

तीव्र वेदनेवरचे मुख्य औषध मॉर्फिन. ते अफूपासून बनते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत आणि अफूचा माल परदेशातल्या औषध कंपन्यांकडे जातो. त्याच देशात कर्करोगाचा रुग्ण साध्या तापाच्या गोळीवर रात्र काढतो.

याचे मोठे कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. रोखायचे होते तस्करांना, पण मॉर्फिन ठेवण्यासाठी रुग्णालयांना वेगवेगळ्या खात्यांचे इतके परवाने लागू लागले की अनेकांनी ते ठेवणेच सोडले. पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी हे औषध कधी न लिहिता शिकून बाहेर पडली. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर एकच नियम केला आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना राज्याच्या औषध नियंत्रकाचा एकच परवाना पुरेसा ठरवला. कायदा सुटसुटीत झाला, भीती राहिली.

ती भीती दोन प्रकारची. पहिली, सवय लागेल. वेदनेसाठी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मोजून दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याचे प्रमाण अत्यल्प असते. दुसरी, 'मॉर्फिन लावले म्हणजे आता संपले'. प्रत्यक्षात तोंडाने घ्यायची ही गोळी महिनोन्‌महिने चालू शकते, आणि ती घेऊन लोक देवळात जातात, लग्नाला जातात. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून घ्यायची असते. 'दुखेल तेव्हा घ्या' असे म्हटले की वेदना नेहमी एक पाऊल पुढे राहते. हिचा हमखास त्रास म्हणजे बद्धकोष्ठ, म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर पोट साफ करणारे औषध नसेल तर ती चिठ्ठी अर्धवट समजावी. अल्प मात्रेत मॉर्फिन धापही कमी करते. हे अनेक डॉक्टरांनाही नवे वाटते.

घरातली सेवा

बाकीचा बराच भाग घरात शिकून घेण्याजोगा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून देणे, टाचा आणि माकडहाड रोज डोळ्यांनी तपासणे, हवेची गादी लावणे. जखमेला दुर्गंधी येऊ लागली की माणसे खोलीत यायची थांबतात आणि रुग्णाला ते कळते. त्यावर मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकण्याचा स्वस्त उपाय भारतीय उपशामक सेवेत सर्रास वापरतात. धाप लागली तर उशा लावून बसते करणे आणि चेहऱ्यावर पंख्याचा वारा घेणे याने खरोखर फरक पडतो.

सर्वांत कठीण जाते ते खाण्याचे. 'दोन घास तरी खा' ही आपल्याकडची मायेची भाषा, त्यामुळे अखेरच्या दिवसांत भूक मालवते तेव्हा घरच्यांना आपण उपाशी मारतो आहोत असे वाटते. शरीराची गरजच तेव्हा संपत आलेली असते. नाकातल्या नळीने बळेच भरवलेले अन्न फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. ओल्या कापसाने तोंड पुसणे आणि ओठांना तूप लावणे पुरते. चमच्याने पाण्याचा थेंब आणि तुळशीचे पान देण्याची जुनी रीत तोंडाच्या शुश्रूषेच्या फार जवळची आहे. शेवटच्या तासांतली घशातली घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटते. गिळता न येणाऱ्या लाळेचा तो आवाज असतो आणि बेशुद्ध रुग्णाला त्याचा त्रास बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवले की तो पुष्कळदा कमी होतो.

ही सेवा फक्त शेवटच्या आठवड्यासाठी असते, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानापासूनच उपशामक सेवाही दिली. ते अधिक समाधानाने जगले, शेवटी आक्रमक उपचार त्यांनी कमी घेतले आणि तरीही त्यांचा मध्यम आयुष्यकाळ ११.६ महिने भरला. दुसऱ्या गटाचा ८.९.

'त्यांना काही सांगू नका'

भारतीय उपशामक डॉक्टरांचा निम्मा वेळ या वाक्याशी झगडण्यात जातो. मुलगा केबिनमध्ये आधी एकटा येतो आणि बाबांना कर्करोग आहे हे कळता कामा नये, असे बजावतो. थोड्या वेळाने बाबाही एकटे गाठून डॉक्टरांना सांगतात, 'मला सगळं कळलंय, पण मुलाला बोलू नका, तो खचेल.' सगळेच एकमेकांना जपत असतात आणि त्यात बँकेतला नॉमिनी, शेतीची वाटणी, कोणाला भेटायचे राहिले आहे, दवाखान्यात मरायचे की घरी, हे काहीच बोलले जात नाही. मग निर्णय आयसीयूच्या दारात, रात्री दोन वाजता, सही मागणाऱ्या कागदावर होतो. पुण्या-मुंबईत त्यात एक पदर आणखी असतो: अमेरिकेतला मुलगा पोचेपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवा. ती मागणी समजण्यासारखी आहे, पण नळ्यांमध्ये अडकलेले ते दोन दिवस रुग्णाचे असतात.

पैसे संपले की दुसरेच घडते. 'डामा', म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर सही होते आणि रुग्णाला रुग्णवाहिकेत घालून गावी नेले जाते, बहुधा वेदनाशामकाची एकही गोळी हातात न देता. आयुष्याच्या शेवटाचा निर्णय आपल्याकडे होत नाही असे नाही. तो रोज होतो, फक्त बिल पाहून होतो.

वैद्यकीय इच्छापत्र

कायद्याची वाट मुंबईतून गेली. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या अमानुष हल्ल्यानंतर जवळपास ४२ वर्षे तिथेच एका खोलीत, जाणिवेच्या काठावर पडून होत्या. त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, कारण त्यांची काळजी घेणाऱ्या केईएमच्या परिचारिकांचा त्या मागणीला विरोध होता. त्याच निकालात मात्र जीवनाधार, म्हणजे जीव टिकवून ठेवणारे उपचार, काढून घेण्यास काही अटींवर तत्त्वतः मान्यता मिळाली. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, होऊ दिला नाही, याचे श्रेय परिचारिकांना जाते. 'सेवा करा' या शब्दांचा अर्थ त्या वॉर्डाला कळला होता.

कॉमन कॉज या संस्थेच्या २००५ सालच्या याचिकेवर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला: प्रतिष्ठेने मरणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि वैद्यकीय इच्छापत्र वैध आहे. पण त्यातली प्रक्रिया इतकी जड होती की अतिदक्षता तज्ज्ञांची संघटनाच पुन्हा न्यायालयात गेली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी झाली.

आता सज्ञान व्यक्तीने स्वखुशीने लिहिलेल्या कागदावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. आपल्या वतीने बोलणारी एक किंवा अधिक माणसे त्यात नमूद करायची. कागद कधीही लेखी रद्द करता किंवा बदलता येतो. रुग्ण शुद्धीवर असेल, बोलू शकत असेल, तोवर तो लागूच होत नाही. तेव्हा रुग्णाचा शब्द चालतो. वेळ आली की रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा प्रतिनिधी असलेले दुसरे मंडळ, प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत मत देते. दोघांचे एकमत आणि नेमलेल्या माणसांची संमती असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून उपचार थांबवता येतात. इच्छापत्र नसेल तरी कुटुंबाच्या संमतीने याच मार्गाने जाता येते.

वृत्तपत्रे याला 'इच्छामरण' म्हणतात आणि घोटाळा तिथे होतो. मराठी वाचकाला त्या शब्दाने सावरकरांचे १९६६ मधले प्रायोपवेशन आठवते किंवा नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध नाकारणारे विनोबा. ती पूर्ण जागृतीत, स्वतःच्या हातांनी घेतलेली निरोपाची वाट होती. इंजेक्शन देऊन मारणे भारतात गुन्हाच आहे. इच्छापत्र एवढेच म्हणते की ज्या यंत्राने मी बरा होणार नाही ते माझ्यावर चालवू नका. यंत्र थांबले तरी वेदनाशामक थांबत नाही; न्यायालयीन निर्देशांनुसारही नाही आणि वैद्यकीय शिरस्त्यानेही नाही.

इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यायची असते. असे अभिरक्षक नेमले जावेत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, त्यानंतर महाराष्ट्रात नेमणुका झाल्या. ३१ मे २०२४ रोजी गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. त्या राज्यातली ती पहिली नोंद. मृत्युपत्रासारखा हा कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून मात्र उपयोग नसतो, कारण लॉकर सोमवारी उघडते आणि रुग्णवाहिका रविवारी रात्री येते. त्याची झेरॉक्स घरच्या डॉक्टरांकडे, नेमलेल्या माणसाकडे आणि साखरेचे, ईसीजीचे रिपोर्ट ज्या फाइलमध्ये असतात त्या फाइलमध्ये, अगदी वर लावून ठेवतात.