केजन की क्रिओल? टोमॅटोवरून ओळखता येत नाही

भारतातल्या बऱ्याच रेस्टॉरंटांत ‘केजन पोटॅटो’ मिळतात: तळलेले छोटे बटाटे आणि वर मेयोनीजचा केशरी सॉस. मसाल्याच्या बाटल्यांवर कधी ‘केजन’ लिहिलेलं असतं, कधी ‘क्रिओल’, तर कधी दोन्ही. आतला ऐवज बहुधा सारखाच: तिखटपूड, पॅप्रिका, लसणाची आणि कांद्याची पूड, थाइम, मीठ. त्यामुळे दोन्ही म्हणजे अमेरिकेतलं काहीतरी तिखट, एवढीच समजूत होते. लुइझियाना राज्यात मात्र ही दोन वेगळ्या लोकांची, वेगळ्या स्वयंपाकघरांतली जेवणं आहेत. त्यातलं क्रिओल जेवण मुख्यतः कृष्णवर्णीय हातांनी घडवलं. बाटलीवरची यादी वाचून हा फरक कळत नाही. चूल कोणाची आणि जेवायला कोणाला बसू दिलं जायचं, हे पाहावं लागतं.

केजन म्हणजे अकेडियन लोकांचे वंशज. आजच्या नोवा स्कोशिया भागातल्या या फ्रेंचभाषक शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी 1755 पासून हाकलून लावलं. पुढच्या तीसेक वर्षांत त्यांतले बरेच जण लुइझियानात पोहोचले. 1785 साली फ्रान्सहून सात जहाजांतून सुमारे 1,600 जण आले. ते न्यू ऑर्लिन्समध्ये न राहता शहराबाहेर, बायू म्हणतात त्या संथ ओढ्यांच्या काठी आणि पश्चिमेकडच्या माळरानावर वसले. जेवण त्याच जागेचं: डुक्कर, कोंबडी, शिकारीचं बदक, क्रॉफिश (गोड्या पाण्यातला छोट्या लॉबस्टरसारखा प्राणी) आणि सगळं एकाच बिडाच्या भांड्यात.

क्रिओल म्हणजे फ्रेंच-स्पॅनिश राजवटीपासून लुइझियानातच जन्मलेल्या लोकांचे वंशज, गोरे, काळे आणि मिश्रही. त्यांचं जेवण शहराचं. न्यू ऑर्लिन्स 1718 साली वसलं आणि 1719 पासून गुलामांची जहाजं येऊ लागली. त्यांत पश्चिम आफ्रिकेच्या सेनेगाम्बियातले, भातशेती जाणणारे लोक होते. भेंडी आणि भात आफ्रिकेकडून, दाटपणा आणणारी फिले पूड चोक्टॉ या मूळ रहिवाशांकडून, रू (तेलात भाजलेला मैदा) फ्रेंचांकडून, तिखट सॉसेज स्पॅनिशांच्या राज्यात. हैतीच्या क्रांतीमुळे परागंदा झालेले सुमारे 9,000 लोक 1809-10 मध्ये क्युबामार्गे आले. त्यांत गोरे, स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि गुलाम असे सगळेच होते. फ्रेंच-स्पॅनिश वंशाचे गोरेही स्वतःला क्रिओल म्हणवत. पण त्यांच्या घरात चुलीपुढे उभ्या असत त्या कृष्णवर्णीय बायका, म्हणून मालकाच्या नावावर खपलेली चव त्यांचीच.

मग गल्लत कुठे झाली? लुइझियानातल्या ओपेलूसास गावाच्या परिसरात वाढलेल्या पॉल प्रुडोम या केजन शेफने 1979 साली न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये रेस्टॉरंट काढलं. मसाल्यात घोळवून तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळा केलेला त्याचा रेडफिश इतका गाजला, की त्या माशाच्या पकडीवर बंधनं आणावी लागली. ही पद्धत जुन्या केजन घरांतली नव्हे, त्याची स्वतःची. पण ‘केजन’ हा शब्द देशभर ‘तिखट आणि काळपट’ या अर्थाने चिकटला, आणि क्रिओल शहरातली क्रिओल पक्वान्नंही त्याच नावाने विकली जाऊ लागली.

टोमॅटो असेल तर क्रिओल, नसेल तर केजन, असा नियम सगळीकडे सांगितला जातो. जम्बलाया म्हणजे मांस घालून एकाच भांड्यात शिजवलेला भात; त्याच्यापुरता तो बराचसा चालतो. शहरातल्या लाल जम्बलायात भात टोमॅटोसकट शिजतो. तपकिरी केजन जम्बलायात मांस भांड्याच्या तळाला लागेपर्यंत परततात, ती खरड पाण्याने सोडवतात आणि रंग तिचाच येतो. दोन्हींत साधारण एक वाटी तांदळाला दोन वाट्या पातळ पदार्थ लागतो, फक्त लाल प्रकारात टोमॅटोचं पाणीही त्यात मोजायचं, नाहीतर लगदा होतो. झाकण ठेवल्यावर ढवळायचं नाही.

गम्बोला, म्हणजे भातावर घेऊन खायच्या दाटसर रश्श्याला, मात्र हा नियम लावू नये. न्यू ऑर्लिन्सच्या सर्वांत प्रसिद्ध क्रिओल शेफ लिया चेस यांच्या क्रिओल गम्बोत टोमॅटो नाही. त्यात खेकडे, कोळंबी, कालवं, दोन प्रकारची सॉसेज, हॅम, कोंबडीचे पंख आणि फिले आहे. टोमॅटोचं खरं नातं भेंडीशी आहे. भेंडीचा बुळबुळीतपणा आंबटाने तुटतो, म्हणून भेंडीच्या गम्बोत टोमॅटो येतो. आपण भेंडीच्या भाजीत आमसूल किंवा लिंबू घालतो, त्याच कारणासाठी.

गम्बो वेगळा पडतो तो रूमुळे. रू म्हणजे मैदा आणि तेल किंवा चरबी समप्रमाणात घेऊन मंद आचेवर भाजणं. क्रिओल घरांत तो बहुधा शेंगदाण्याच्या कुटापासून तांब्याच्या नाण्यापर्यंतच्या रंगावर थांबतो; पंधरा-वीस मिनिटं पुरतात. केजन रू काळ्या चॉकलेटच्या रंगापर्यंत नेतात. त्याला चाळीस मिनिटं ते तास लागतो आणि हात थांबवता येत नाही. इथे बरेच जण फसतात. मैदा जितका काळा होईल तितकं त्यातलं स्टार्च मोडतं आणि दाटपणा आणण्याची ताकद घटते. हलका आणि काळा रू सारख्याच मापाने घेतला, तर काळ्याचा गम्बो पाण्यासारखा होणारच. म्हणून दोन-अडीच लिटर स्टॉकला क्रिओल पद्धतीत पाव कप तेल आणि पाव कप मैदा पुरतो (दाटपणाचं उरलेलं काम भेंडी किंवा फिले करते), तर केजन पद्धतीत एकेक कप लागतो.

रूमध्ये काळे ठिपके दिसले आणि जळका वास आला, तर तो टाकून द्यावा. स्टॉक, मसाला, साखर, कशानेही तो कडवटपणा जात नाही. रंग आला की चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची लगेच त्यात जातात. साधारण दोन भाग कांदा, बाकीचे एकेक. भाज्यांतल्या पाण्याने तापमान झटकन उतरतं आणि रू पुढे करपत नाही, म्हणून त्या आधीच चिरून हाताशी हव्यात. स्टॉक थोडाथोडा घालून घोटावा. सगळा एकदम ओतला तर गाठी होतात.

केजन भांड्यात पुढे साधारण दीड किलो कोंबडी आणि अर्धा किलो आंदुई, म्हणजे जाड भरड्या मांसाचं धुरावलेलं डुकराचं सॉसेज. कोंबडी हाडासकट, आधी तांबूस परतून. दीड-दोन तास मंद उकळी, वर आलेलं तेल काढत राहायचं. मांस आणि मासळी एकत्र करणं केजन घरांत कमी. भाताबरोबर किंवा भाताऐवजी याच वाडग्यात बटाट्याचं सॅलड घालतात, हे शहरातल्या जुन्या क्रिओल माणसाला पटत नाही.

क्रिओल भांडं मासळीवर उभं असतं. कोळंबीची सालं आणि डोकी पाऊण तास उकळून स्टॉक काढला नाही, तर बाकी कितीही खर्च करा, चव उथळच राहते. अर्धा किलो भेंडी बोटभर नव्हे, अगदी पातळ चकत्यांत कापून वेगळ्या भांड्यात तेलावर तार सुटेनाशी होईपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं परतावी. दोन टोमॅटो अर्ध्यात घालावेत. बिडाच्या कढईत भेंडी काळी पडते, तेव्हा इथे स्टील बरं. मग रू, भाज्या, स्टॉक, खेकडे, सॉसेज, थाइम आणि लॉरेलचं पान (आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं, त्याला दालचिनीचा वास येतो). तासाभराने अर्धा किलो कोळंबी, शेवटची पाच मिनिटं. आधी घातली तर रबर होते.

फिले म्हणजे सॅसफ्रासच्या वाळलेल्या पानांची पूड. भेंडी असेल तर सहसा फिले घालत नाहीत. ती गॅस बंद केल्यावर, किंवा ताटात वाढताना घालायची. उकळली की तारा सुटतात. भारतात ती सहज मिळत नाही, तेव्हा भेंडीचाच गम्बो करावा. तिखट क्रिओल सॉसेजला चोरीस म्हणतात, आणि गोव्याचं चोरीस त्याचं लांबचं नातलग: एक स्पॅनिशांकडून आलं, एक पोर्तुगिजांकडून. पण गोव्याच्या चोरीसात व्हिनेगर भरपूर. दोन-अडीच लिटरच्या भांड्यात शंभर ग्रॅमच्या वर घातलं तर सगळा गम्बो आंबट होतो.

आता रेस्टॉरंटांकडे, कारण खरी दरी इथे आहे. केजन जेवणाची जुनी जागा म्हणजे घर, डुक्कर कापायचा गावसोहळा आणि शिकारीचा तळ. क्रिओल जेवण रेस्टॉरंटात कधीच पोहोचलं होतं. फ्रेंच क्वार्टरमधलं आंत्वान्स 1840 पासून चालू आहे, गालाटवार्स 1905 पासून. अशा रेस्टॉरंटांच्या मुदपाकखान्यांत कृष्णवर्णीय आचारी रांधत, पण त्यांना पुढच्या दालनात गिऱ्हाईक म्हणून बसता येत नसे. सप्टेंबर 1960 मध्ये कनाल स्ट्रीटवरच्या एका दुकानाच्या जेवणाच्या काउंटरवर बसल्याबद्दल रूडी लोम्बार्ड, ओरेथा कॅसल, सेसिल कार्टर आणि त्यांचा गोरा साथी लॅनी गोल्डफिंच या चौघांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली त्यांची शिक्षा रद्द केली. याच लोम्बार्ड यांनी शेफ नथॅनियल बर्टन यांच्यासोबत 1978 साली शहरातल्या पंधरा कृष्णवर्णीय शेफच्या पाककृतींचं पुस्तक काढलं. बसायच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाने पुढे रांधणाऱ्यांची नावं छापून आणली, याहून नेमकं या जेवणाबद्दल काही सांगता येणार नाही.

ट्रेमे या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीत ऑर्लिन्स अ‍ॅव्हेन्यूवर 1941 साली डुकी चेस नावाचं सँडविच आणि लॉटरीच्या तिकिटांचं दुकान निघालं. त्या घराण्यातल्या बँडवादकाशी लिया यांनी 1946 साली लग्न केलं आणि काही वर्षांनी स्वयंपाकघर हाती घेतलं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर, नीट मांडलेल्या काट्या-सुऱ्यांनी जेवायची जागा आपल्या लोकांना हवी, हा त्यांचा आग्रह. गोऱ्या रेस्टॉरंटांतलं क्रीम सॉसमधलं लॉबस्टर त्यांनी आणून पाहिलं, ते गिऱ्हाइकांनी नाकारलं. मग घरचा गम्बो, तळलेली कोंबडी, राजम्यासारखे लाल बीन्स यांनाच त्यांनी तो टेबलक्लॉथ दिला.

कृष्णवर्णीयांना बँका दाद देत नव्हत्या, त्या काळात शुक्रवारी पगाराचे चेक इथे वटवून मिळत. वंशभेदाच्या कायद्याने काळ्या-गोऱ्यांनी एकत्र जेवणं गुन्हा होता, तरी माडीवरच्या खोलीत नागरी हक्कांचे वकील आणि कार्यकर्ते, फ्रीडम रायडर्स (बसमधल्या वंशभेदाविरुद्ध एकत्र प्रवास करणारे काळे-गोरे तरुण), मार्टिन लूथर किंग यांच्यासारखे लोक दोन्ही रंगांचे मिळून बसत आणि गम्बो खात बेत ठरवत. भिंतींवर जेकब लॉरेन्स, एलिझाबेथ कॅटलेट यांची चित्रं लागली, ज्या काळात कृष्णवर्णीय चित्रकारांना गॅलऱ्या दारात उभं करत नव्हत्या. 2005 च्या कतरीना वादळात रेस्टॉरंट पाण्याखाली गेलं. 2007 साली पुन्हा उघडलं. लिया चेस 2019 साली, 96 व्या वर्षी गेल्या. रेस्टॉरंट कुटुंबाने चालू ठेवलं आहे.

पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, तिथे गम्बो झेर्ब मिळतो. मोहरी, कोलार्ड, सलगम, बीट, गाजर यांचा पाला, पालक, कोबी, लेट्यूस, वॉटरक्रेस, अशा नऊ हिरव्या भाज्या. संख्या विषमच हवी, आणि जितक्या भाज्या तितके नवे मित्र वर्षभरात होतात अशी समजूत. उपवासाआधीचं जेवण म्हणून त्यात सॉसेज आणि मांसही भरपूर. केजन गावांत याच्याशी सहज मिळताजुळता पदार्थ सापडत नाही.

शहर क्रिओलांचं आणि गाव केजनांचं, ही विभागणीही पूर्ण खरी मानू नये. नैर्ऋत्य लुइझियानाच्या माळरानावर कृष्णवर्णीय क्रिओल पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आले आहेत. झायडेको या कृष्णवर्णीय क्रिओलांच्या नाचसंगीताचा राजा क्लिफ्टन शेनिये ओपेलूसासच्याच परिसरातला, म्हणजे प्रुडोमच्या शेजारचा. या घरांत रू काळा असतो, गम्बोत कोंबडी आणि धुरावलेलं सॉसेज असतं, टोमॅटो नसतो. वरून पाहणारा त्याला केजन म्हणून मोकळा होतो. रांधणारी बाई स्वतःला क्रिओल म्हणते, आणि तिचंच म्हणणं धरावं. लाफायेत किंवा ओपेलूसासला दुपारी ताटभर जेवण देणाऱ्या साध्या ठिकाणी जाल, तेव्हा फळ्यावर काय लिहिलंय याच्यापेक्षा मालकाला घराणं विचारा. गम्बो कोणाचा ते तिथेच कळेल.