मॅट्रिक्सचे सर्व्हर एकमेकांना कसे शोधतात आणि ८४४८ हे वेगळे पोर्ट का लागले : पार्श्वभूमी

मॅट्रिक्ससारख्या, अनेक स्वतंत्र सर्व्हरांनी मिळून चालणाऱ्या संवादव्यवस्थेत वापरकर्त्याच्या पत्त्यात केवळ डोमेनचे नाव असते. त्या नावाचा सर्व्हर प्रत्यक्षात कोणत्या यंत्रावर आणि त्या यंत्राच्या कोणत्या पोर्टवर, म्हणजे क्रमांकित दारावर, चालतो, हे समोरच्या सर्व्हरला स्वतः शोधावे लागते. ईमेलपुरता हा प्रश्न १९८६ साली डीएनएसमधील, म्हणजे डोमेनच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतील, एमएक्स नोंदीने सुटला; डोमेनची ईमेल कोणते यंत्र घेते हे ती सांगते. पोर्ट मात्र २५ हे ठरलेलेच राहिले. पुढे एसआरव्ही नोंद आली. १९९६ साली ती प्रायोगिक म्हणून मांडली गेली, २००० साली आरएफसी २७८२ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात तिची व्याख्या पक्की झाली आणि यंत्राच्या नावाबरोबर पोर्टही डीएनएसमध्ये लिहिता येऊ लागले. एक्सएमपीपी या संदेशवहनाच्या प्रणालीने ही नोंद मनापासून स्वीकारली. वेब ब्राउझरांनी ती कधीच स्वीकारली नाही.

वेबने दुसरी वाट धरली. एचटीटीपी या वेबच्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या १९९७ च्या १.१ आवृत्तीत होस्ट हे हवे ते डोमेन सांगणारे शीर्षक सक्तीचे झाल्यामुळे एकाच आयपी पत्त्यावर आणि एकाच पोर्टवर अनेक संकेतस्थळे नांदू लागली, आणि २००३ साली आलेल्या एसएनआय या विस्ताराने टीएलएस या कूटबद्ध जोडणीलाही तीच मुभा दिली. २०१० साली ‘वेल-नोन’ हा राखीव मार्ग ठरला, म्हणजे एखाद्या डोमेनविषयीची माहिती कोणत्या ठिकाणी शोधायची याचा संकेत प्रमाणित झाला.

सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या मॅट्रिक्सने सर्व्हरांमधील देवाणघेवाणीसाठी एचटीटीपीच निवडले, तरीही त्यासाठी ८४४८ हे निराळे पोर्ट ठेवले. यामागचे कारण विश्वासाच्या रचनेत होते, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. सुरुवातीच्या काळात सर्व्हर स्वतःच सही केलेले टीएलएस प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारे) वापरत, त्याचा ठसा, म्हणजे त्यावरून काढलेला छोटा सांकेतिक आकडा, आपल्या सार्वजनिक किल्ल्यांसोबत प्रसिद्ध करत, आणि इतर सर्व्हर तो ठसा जुळवून पाहत. ब्राउझरमधून येणाऱ्या वापरकर्त्यांना मात्र मान्यताप्राप्त संस्थेचेच प्रमाणपत्र दाखवावे लागे. दोन प्रकारच्या पाहुण्यांना दोन वेगळी प्रमाणपत्रे दाखवायची असल्यामुळे दोन पोर्टे ठेवणे सोयीचे ठरले. ४४३ या वेबच्या नेहमीच्या सुरक्षित पोर्टवर आधीच उभ्या असलेल्या रिव्हर्स प्रॉक्सीमागे (आलेल्या विनंत्या आतल्या सर्व्हरांकडे पोहोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरामागे) फेडरेशन, म्हणजे सर्व्हरांमधील देवाणघेवाण, न्यायचे, तर प्रॉक्सीच्या प्रमाणपत्राचा ठसा प्रसिद्ध करावा लागे आणि प्रमाणपत्र बदलले की तो पुन्हा बदलावा लागे.

एसआरव्ही नोंदीने पोर्ट बदलता येत होते, पण प्रमाणपत्राचा पेच सुटत नव्हता. साध्या डीएनएसच्या उत्तरावर सही नसते. त्यामुळे प्रमाणपत्रांच्या नेहमीच्या पडताळणीकडे वळताना एसआरव्हीने दाखवलेल्या यंत्राकडूनही मूळ डोमेनचेच प्रमाणपत्र मागणे सुरक्षिततेसाठी भाग होते. सर्व्हर दुसऱ्या संस्थेकडे चालवायला दिलेला असेल, तर त्या संस्थेच्या हाती आपल्या मुख्य डोमेनचे प्रमाणपत्र सोपवावे लागले असते, आणि तसे करायला कोणीही जबाबदार व्यवस्थापक कचरेल. ‘वेल-नोन’ मार्गावरची, सर्व्हर कुठे आहे हे सांगणारी छोटी जेसन फाइल मूळ डोमेनच्याच प्रमाणपत्राखाली एचटीटीपीएसवरून मिळते. म्हणून तिने दाखवलेल्या यंत्राने स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र दाखवले तरी पुरते.

दरम्यान लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेमुळे मान्यताप्राप्त प्रमाणपत्रे विनामूल्य झाली होती. सिनॅप्स या मॅट्रिक्सच्या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या फेब्रुवारी २०१९ च्या ०.९९ आवृत्तीत ही ‘वेल-नोन’ पद्धत आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सिनॅप्स १.० ने वैध प्रमाणपत्र बंधनकारक केले. आता त्या फाइलमध्ये ४४३ लिहिले की वापरकर्ते आणि सर्व्हर एकाच पोर्टवर येतात, आणि प्रॉक्सी विनंतीच्या मार्गावरून त्यांची वाटणी करते. विनंती करणारा सर्व्हर आपली ओळख टीएलएसने नव्हे, तर प्रत्येक विनंतीवरील सहीने पटवतो. त्यामुळे टीएलएस प्रॉक्सीपाशी संपले तरी ओळखीचा पुरावा हरवत नाही.

या सोयीचा भार मुख्य संकेतस्थळावर पडतो. ती फाइल बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे फेडरेशनची दिशा बदलण्याचाही अधिकार असतो. शिवाय हे उत्तर इतर सर्व्हर साठवून ठेवतात, सहसा २४ तास. त्यामुळे सर्व्हर हलवताना जुना पत्ता काही काळ चालू ठेवावा लागतो.

जुनी वाट अजून बंद झालेली नाही. नावातच पोर्ट दिलेले नसेल आणि फाइलही सापडली नाही, तर एसआरव्ही नोंद पाहिली जाते आणि तीही नसेल तर ८४४८ वर जोडणी केली जाते. २०२३ मध्ये मॅट्रिक्सच्या १.८ आवृत्तीने एसआरव्ही नोंदीसाठी ‘मॅट्रिक्स-फेड’ हे आयएएनए या इंटरनेटवरील नावे-क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेकडे नोंदवलेले सेवानाव स्वीकारले आणि आधीचे नाव कालबाह्य ठरवले.