सहसंयुज बंध आणि रेणवीय संयुगांचे नामकरण

दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी सामायिक केल्यामुळे त्यांच्यात जो रासायनिक बंध निर्माण होतो, त्याला सहसंयुज बंध म्हणतात. हा बंध मुख्यतः अधातूंच्या अणूंमध्ये आढळतो. अशा बंधांनी जोडलेल्या ठरावीक अणूंचा स्वतंत्र समूह म्हणजे रेणू. आणि सुट्या रेणूंनी बनलेले संयुग म्हणजे रेणवीय संयुग. पाणी, अमोनिया, मिथेन ही त्याची परिचित उदाहरणे. मात्र सहसंयुज बंध असला की सुटे रेणू असतातच असे नाही. क्वार्ट्‌झमध्ये सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या बंधांचे अखंड जाळे असते. त्याला सिलिकॉन डायॉक्साइड म्हणतात खरे, पण हे नाव अणूंचे केवळ प्रमाण सांगते. तसा रेणू त्या स्फटिकात शोधून सापडणार नाही.

सामायिक जोडीची कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. ‘सहसंयुजा’ या अर्थाची संज्ञा १९१९ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी रूढ केली. जोडी सामायिक केल्याने अणू एकत्र का राहतात, याचे उत्तर मात्र १९२७ मध्ये वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्‌झ लंडन यांनी पुंजयामिकीच्या (अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरील गतिशास्त्राच्या) आधारे हायड्रोजनच्या रेणूसाठी दिले. हायड्रोजनचे दोन अणू जवळ येऊ लागले की प्रत्येकाच्या इलेक्ट्रॉनाला दोन्ही केंद्रके ओढू लागतात आणि एकूण ऊर्जा उतरत जाते. अंतर ७४ पिकोमीटर झाले की ती किमान होते. अणू त्याहून जवळ आणले तर केंद्रकांचे प्रतिकर्षण वरचढ ठरते. हा बंध तोडायला दर मोलमागे सुमारे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते.

प्राथमिक अभ्यासात यातले काहीच न मांडता ठिपक्यांच्या आकृतीवर (जिच्यात बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवतात) काम भागते, आणि ते बऱ्यापैकी भागते. अमोनियाचे पाहा. नायट्रोजनच्या बाह्यतम कवचात ५ इलेक्ट्रॉन, तीन हायड्रोजनांचे मिळून ३, एकूण ८, म्हणजे चार जोड्या. तीन जोड्या तीन बंधांत जातात आणि चौथी नायट्रोजनपाशीच राहते. नायट्रोजनचे अष्टक (बाह्यतम कवचातील आठ इलेक्ट्रॉन) आणि प्रत्येक हायड्रोजनचे द्विक (दोन इलेक्ट्रॉन) पूर्ण होते. त्या उरलेल्या एकाकी जोडीमुळे बंध थोडे खाली रेटले जातात. त्यांच्यातील कोन मिथेनमधल्या १०९.५ अंशांऐवजी सुमारे १०७ अंश भरतो.

दोन अणूंमध्ये एकाहून अधिक जोड्याही सामायिक होतात. ऑक्सिजनच्या रेणूत दुहेरी आणि नायट्रोजनच्या रेणूत तिहेरी बंध दाखवतात. नायट्रोजनचा बंध तोडायला दर मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात. या वायूच्या निष्क्रियतेचे मुख्य कारण हेच. अष्टकाचा नियम सर्वत्र पाळला जात नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन दाखवले जातात, सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती बारा.

जोडीची वाटणी समसमान असेलच असेही नाही. ज्या अणूची विद्युतऋणता, म्हणजे सामायिक इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता, जास्त, त्याच्याकडे जोडी झुकते आणि बंध ध्रुवीय होतो. दोन मूलद्रव्यांच्या विद्युतऋणतेत १.७ पेक्षा अधिक फरक असला की बंध आयनिक, म्हणजे विरुद्ध प्रभारांच्या आयनांमधील आकर्षणाचा, समजावा, असा एक ठोकताळा शिकवला जातो. तो फार ताणू नये: हायड्रोजन फ्लोराइडमध्ये हा फरक सुमारे १.८ आहे, तरी ते रेणवीय संयुगच आहे.

नामकरणाची पद्धत या बंधाच्या स्वभावातूनच येते. आयनिक संयुगात प्रभारांचा हिशेब जुळावा लागतो, त्यामुळे ‘कॅल्शियम क्लोराइड’ एवढे म्हटले की एका कॅल्शियममागे दोन क्लोरीन हे आपोआप कळते. अधातूंच्या जोडीला असे बंधन नाही. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचीच अर्धा डझन ऑक्साइडे आहेत. ‘नायट्रोजन ऑक्साइड’ म्हटल्याने त्यांपैकी कोणते, ते समजत नाही. म्हणून अणूंची संख्या नावातच सांगावी लागते. त्यासाठी मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्झा, हेप्टा, ऑक्टा, नोना, डेका हे उपसर्ग वापरतात. सामान्यतः कमी विद्युतऋण मूलद्रव्य आधी येते आणि दुसऱ्याच्या नावाला ‘आइड’ हा प्रत्यय लागतो. पहिल्या मूलद्रव्याचा एकच अणू असेल तर त्याला ‘मोनो’ लावत नाहीत. ऑक्साइडपूर्वी उपसर्गातला शेवटचा ‘आ’ किंवा ‘ओ’ गळतो: मोनॉक्साइड, पेंटॉक्साइड.

उपसर्ग अणूंचे निव्वळ गुणोत्तर नव्हे, तर रेणूतील प्रत्यक्ष संख्या सांगतात. नायट्रोजन डायॉक्साइड आणि डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड या दोहोंत गुणोत्तर एकास दोनच आहे. तरी पहिला तपकिरी वायू आहे आणि दुसरा रंगहीन पदार्थ. या दोहोंचे मिश्रण बंद काचनळीत घेऊन बर्फात बुडवले की रंग फिका पडत जातो, कारण डायॉक्साइडचे दोन-दोन रेणू जुळून टेट्रॉक्साइड होते. गरम पाण्यात धरताच तपकिरी रंग पुन्हा गडद होतो.

रूढी मात्र नियमांना फारशी जुमानत नाही. पाण्याला ‘डायहायड्रोजन मोनॉक्साइड’ कोणी म्हणत नाही, म्हटलेच तर थट्टेने. अमोनियाही जुन्याच नावाने ओळखला जातो. हायड्रोजन सल्फाइडमध्ये हायड्रोजनचे दोन अणू असूनही ‘डाय’ लावत नाहीत. हायड्रोजन व सल्फर यांच्या संयुजांवरून (प्रत्येकाच्या बंध करण्याच्या क्षमतेवरून) ते कळते. फॉस्फरस पेंटॉक्साइड हे नाव रेणूत फॉस्फरसचे चार आणि ऑक्सिजनचे दहा अणू असतात हे कळण्यापूर्वीचे. टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड हे बिनचूक नाव उपलब्ध असूनही जुनेच चालते. नियमानुसार दिलेले नावही रचनेबाबत गप्पच असते. डायनायट्रोजन मोनॉक्साइडमध्ये ऑक्सिजन मधोमध नसून टोकाला असतो, हे नावावरून ओळखता येत नाही. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडची गंमत आणखी पुढची: वायुरूपात ते नावाबरहुकूम रेणवीय असते, पण घनरूपात नायट्रोनियम आणि नायट्रेट या आयनांचा स्फटिक असते.